न्यूटची अंडी पांढरी पडतात, पिल्लं टिकत नाहीत: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

न्यूट म्हणजे शेपटी असलेला, पाण्यात राहणारा छोटा उभयचर प्राणी. आधी लक्षणं. तुमच्या टाकीत यातलं नेमकं काय घडतंय ते बघा.

– मादी पानं दुमडून अंडी घालते, पण आठवड्याभरात ती पानं रिकामी सापडतात.
– अंडी दोन-तीन दिवसांत दुधी होतात, त्यांवर कापसासारखी लव येते आणि शेजारच्या अंड्यांकडे सरकते.
– अंड्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा गर्भ दिसतो, आणि तिथेच वाढ थांबते.
– पिल्लं बाहेर येतात, चार-पाच दिवस छान दिसतात, मग एकेक करून तळाशी आडवी पडतात.
– दोन-तीन आठवड्यांची पिल्लं एका रात्रीत सगळीच्या सगळी जातात.
– पिल्लांचे पाय किंवा कल्ले कुरतडलेले दिसतात.
– अंडीच नाहीत. नर मागे लागतो, मादी तोंड फिरवते. किंवा दोघं एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मी जपानी आणि चिनी लाल पोटाचे न्यूट बरीच वर्षं वाढवते, मधली काही वर्षं फासळीदार न्यूटही होते. स्वतःच्या टाकीत आणि ओळखीच्यांच्या टाक्यांमध्ये हीच अडचण इतक्या वेळा सोडवली आहे, की आता कुणी विचारलं तर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेमकं कितव्या दिवशी मेलं? कारण अंडं किंवा पिल्लू कोणत्या दिवशी जातं यावरून कारण बहुतेक वेळा कळतं. तिसऱ्या दिवसाचा मृत्यू वेगळा, आठव्याचा वेगळा, अंड्यातून निघाल्यावर सहाव्या दिवसाचा आणखी वेगळा. हे न बघता लोक थेट औषधाची बाटली उघडतात, आणि तिथेच सगळं बिघडतं.

खालचा क्रम फुकटापासून खर्चिकाकडे आणि सोप्याकडून अवघडाकडे जातो. तो मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चार-पाच दिवस थांबा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या हंगामात पुन्हा तिथेच याल.

वही आणि भिंग

पहिली तपासणी म्हणजे नुसतं बघणं. साधं दहापट भिंग पुरतं. अंडं पाण्याबाहेर काढू नका. उथळ पांढऱ्या बशीत पाण्यासकट घ्या आणि बाजूने उजेड द्या.

लाल पोटाच्या न्यूटचं ताजं अंडं साधारण दोन मिलिमीटरचं असतं, त्याभोवती पारदर्शक जेलीचं वेष्टण. वरची बाजू तपकिरी, खालची फिकट पिवळसर. फळलेलं अंडं पहिल्याच दिवशी विभागायला लागतं. भिंगातून बघितलं तर गोळ्यावर बारीक खाचा दिसतात, पुढे त्या इतक्या बारीक होतात की पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत वाटतो. तीन-चार दिवसांनी एक लांबट खोबण उमटते. तिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होणार असतात. मग गोळा लांबतो, वाकतो आणि स्वल्पविराम दिसू लागतो. नंतर डोळ्यांचे ठिपके, कल्ल्यांची फुटवं, आणि एखाद्या दिवशी तो स्वल्पविराम जेलीच्या आत झटका देऊन उलटा फिरतो. इतकी वर्षं झाली, तो पहिला झटका दिसला की मी अजूनही बशीपाशी खिळून बसते.

न फळलेलं अंडं यातलं काहीच करत नाही. त्याचे रंग एकमेकांत मिसळतात, ते राखाडी आणि मग दुधी होतं, आणि दोन ते चार दिवसांत बुरशी धरतं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बुरशी बहुतेक वेळा मेलेल्या अंड्यावर आधी येते. ती मारायला येत नाही, मेलेलं खायला येते. आणि एकदा बळावली की तिचे धागे शेजारच्या जिवंत अंड्यांनाही गुदमरवतात. म्हणून ‘अंड्यांना बुरशी लागते’ या तक्रारीमागचा खरा प्रश्न ‘अंडी आधी का मेली?’ हा असतो.

वहीत रोज तीन ओळी पुरेत: तारीख, पाण्याचं तापमान, किती अंडी कोणत्या टप्प्यावर. हे कंटाळवाणं वाटेल, पण पुढची प्रत्येक तपासणी या वहीवर उभी आहे.

भिंगाच्याच तपासणीत एक अपवाद सांगून टाकते, कारण त्यापायी लोक विनाकारण स्वतःला दोष देतात. तुमच्याकडे ट्रायटुरस गटातले न्यूट असतील, म्हणजे मोठे तुरेवाले किंवा संगमरवरी, तर निम्मी अंडी स्वल्पविरामाच्या टप्प्यावर मरणारच. या गटात पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्राची दोन रूपं आहेत. गर्भाला दोन्ही वेगवेगळी मिळाली तरच तो जगतो; दोन्ही सारखी आली तर वाढ तिथेच थांबते. त्यामुळे पन्नास टक्के मृत्यू हा त्यांच्या आनुवंशिकतेचाच भाग आहे. पाणी बदला, औषध घाला, काही फरक पडणार नाही. निम्मी जगली म्हणजे तुमचं काम चोख झालं. लाल पोटाच्या किंवा फासळीदार न्यूटमध्ये मात्र ही सबब चालत नाही.

थर्मामीटर, तोही योग्य जागी

सर्वाधिक वेळा दोषी सापडतं ते तापमान. न्यूट थंड पाण्याचा प्राणी आहे. लाल पोटाच्या जातींना 15 ते 20 अंश सेल्सिअस मानवतं. 24-25च्या वर गेलं की प्रौढ ताणाखाली येतात, खाणं सोडतात, अंडी घालणं थांबवतात. फासळीदार न्यूट थोडा सोशिक असतो, पण त्यालाही 18 ते 22 बरं.

उष्णतेने एकाच वेळी तीन गोष्टी होतात. गर्भ घाईने वाढतो आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. 15 अंशाला लिटरभर पाण्यात साधारण 10 मिलिग्रॅम विरघळतो, तर 30 अंशाला जेमतेम साडेसात. तिसरं म्हणजे सडण्याची क्रिया वेग घेते.

चूक कुठे होते ते सांगते. एका ओळखीच्या बाईंकडे सलग तीन खेपा सगळी अंडी सातव्या-आठव्या दिवशी थांबली. त्यांच्या वहीत तापमान रोज 19 लिहिलेलं. मी जाऊन बघितलं, तर थर्मामीटर मोठ्या टाकीच्या तळाला आणि अंड्यांची बशी टाकीच्या झाकणावर, दिव्याशेजारी. बशीत थर्मामीटर बुडवून दुपारभर ठेवला तर पारा 27ला पोचला. बशी खाली सावलीत हलवली, इतकंच केलं. पुढच्या खेपेत बहुतेक अंडी फुटली. म्हणून जिथे अंडी आहेत तिथलंच तापमान मोजा, आणि दिवसातल्या सगळ्यात गरम वेळी मोजा. कमी पाणी लवकर तापतं आणि लवकर निवतं. हा चढउतारही गर्भाला सोसत नाही.

उपाय स्वस्तापासून: दिवा बंद करा, भांडं जमिनीलगत ठेवा, पाण्याचं प्रमाण वाढवा. प्रौढांच्या टाकीवर जाळीचं झाकण घालून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडलात तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. मात्र पाणी रोज भरावं लागतं. बर्फाच्या बाटल्या टाकणं मला पसंत नाही. पाणी झपकन उतरतं आणि तितक्याच लवकर चढतं. प्रौढांचा जीव वाचवायला एखाद्या दिवशी ठीक, अंड्यांच्या भांड्यात कधीच नाही.

20 अंशाच्या आसपास लाल पोटाच्या न्यूटची अंडी साधारण तीन आठवड्यांत फुटतात, फासळीदाराची दोन आठवड्यांच्या आतबाहेर. पाणी बरंच थंड असेल तर महिनाभर किंवा जास्तही लागतो. अंडं स्वच्छ आहे आणि आत गर्भ हलतोय तर धीर धरा. उशीर म्हणजे मृत्यू नव्हे.

अंडी आईबापांपासून वेगळी आहेत का?

पानं रिकामी सापडत असतील, तर पुढची शंका घेण्याआधी हे करा. न्यूट आपलीच अंडी खातात. घालणारी मादीही खाते, नर तर टपूनच असतो. मादी मागच्या पायांनी पान दुमडून अंडं आत चिकटवते, ते मुख्यतः खाणाऱ्यांपासून लपवायलाच. तळ्यात हे पुरतं. टाकीत सगळे एकमेकांच्या नजरेत असतात, तिथे पुरत नाही. मोठ्या गोगलगायीही संशयाच्या बाहेर नाहीत.

दुमडलेलं पान उलगडू नका. देठापासून कात्रीने कापा आणि पानासकट वेगळ्या भांड्यात न्या. जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळासारख्या झाडात अंडी असतील तर तो पुंजकाच उचला. झाडं कमी पडत असतील तर मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून, नीट धुऊन, टाकीत सोडा. माद्या त्याही पानासारख्या दुमडतात आणि तुमचं काम सोपं होतं. फासळीदार न्यूट पानं दुमडत बसत नाही, झाडांना आणि दगडांना अंड्यांचे झुपके चिकटवतो. एकेका खेपेत शेकड्यांनी. तिथे सगळी वाचवायचा हट्ट धरू नका. जितकी पिल्लं नीट पोसता येतील तितकीच ठेवा.

मेलेली अंडी रोज काढा

वेगळ्या भांड्यात पाण्याची खोली दहा सेंटिमीटरच्या आत, अंडी एकमेकांना न चिकटता, आणि रोज एक फेरी ड्रॉपर हातात घेऊन. दुधी झालेलं, लव धरलेलं अंडं उचलून टाकायचं. जेलीने शेजाऱ्याला चिकटलं असेल तर बारीक कात्रीने जेली कापायची. शंका असेल ते अंडं तिसऱ्या वेगळ्या बशीत ठेवायचं, फेकायचं नाही. अगदी सौम्य बुडबुडे सोडणारा एअरपंप असेल तर उत्तम. अंडी घुसळली जाता कामा नयेत.

मेथिलीन ब्ल्यू या निळ्या औषधाबद्दल नेहमी विचारलं जातं. ते बुरशी रोखतं, हे खरं. पण अंडी न फळलेली असतील, किंवा पाणी तापलेलं असेल, तर ते काय करणार? वापरायचंच असेल तर फक्त अंड्यांच्या भांड्यात, पाण्याला जेमतेम आकाशी छटा येईल इतकं, आणि पिल्लं निघण्याआधी साधं पाणी भरून. मुख्य टाकीत ते गेलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात. तांबं असलेली माशांची औषधं मात्र पूर्ण वर्ज्य. उभयचरांची त्वचा पाण्यातलं सगळं आत ओढते, माशांच्या मात्रेचा हिशोब त्यांना लागू होत नाही.

अंडी हातची गेली की मन खट्टू होतं, म्हणून एक आठवण करून देते. हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी 1924 साली प्रसिद्ध केलेला गर्भविज्ञानातला तो विख्यात प्रयोग, एका गर्भाचा तुकडा दुसऱ्या गर्भात बसवण्याचा, न्यूटच्याच गर्भांवर झाला. श्पेमानना त्यासाठी 1935चं नोबेल मिळालं. त्यांचेही बहुतेक गर्भ वाटेतच मेले. हाती लागलेली मोजकी उदाहरणं बघून त्यांनी निष्कर्ष काढले. हे अंडं नाजूकच आहे.

पाणी: आधी नळ, मग अमोनिया

गर्भ एकाच दिवशी, वेगवेगळ्या टप्प्यांवर असूनही, सगळे थांबले, तर कारण अंड्यांत नाही, पाण्यात आहे. तुम्ही आदल्या दिवशी पाणी बदललं होतं का ते वहीत बघा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलं तर तो उडून जातो. पण जिथे क्लोरीनऐवजी क्लोरामाइन हे संयुग वापरतात तिथे नुसतं साठवून भागत नाही, तो टिकून राहतो. क्लोरीन काढणारं द्रावण, म्हणजे डिक्लोरिनेटर, घालावंच लागतं. गाळून खनिजं काढलेलं किंवा ऊर्ध्वपातित पाणी ‘शुद्ध’ म्हणून वापरू नका. त्यात क्षार नसल्याने अंडी आणि पिल्लं दोघांनाही ते जड जातं. सामू 7 ते 8च्या दरम्यान, थोडं कठीण पाणी चांगलं. नवं पाणी जुन्याच तापमानाला आणून मगच ओता.

दुसरी गोष्ट, अमोनिया आणि नायट्राइट. थेंबांनी रंग बदलणारा चाचणी संच घ्या. दोन्ही शून्य हवेत. पिल्लांची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजून अमोनिया होतो. मुरलेल्या फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. असा फिल्टर मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. पिल्लांच्या छोट्या भांड्यात सहसा फिल्टर नसतोच, म्हणून तिथे फिल्टरचं काम तुम्हालाच करायचं असतं: रोज तळ ड्रॉपरने साफ करा आणि निम्मं पाणी बदला. सामू आणि तापमान वाढलं की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. दोन-तीन आठवड्यांची पिल्लं ‘एका रात्रीत’ जातात ती बहुतेक वेळा यानेच.

माझी स्वतःची एक अख्खी खेप अशी गेली. तीन दिवस बाहेर होते, भांडं भरपूर अन्न टाकून ठेवलं होतं, ‘उपाशी राहायला नकोत’ म्हणून. परत आले तेव्हा पाण्यावर बारीक साय आणि तळाला चाळीस पिल्लं. उपाशी राहिली असती तर निदान बरीचशी वाचली असती.

पिल्लं उपाशी तर नाहीत?

याच जागी मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आहे, कारण अंड्यांचं सगळं नीट करून माणसं इथे हरतात.

अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम एक सेंटिमीटरचं, पारदर्शक, मानेजवळ पिसासारखे कल्ले असलेलं. पहिले काही दिवस ते पोटातल्या बलकावर जगतं, काही खात नाही, हलतही नाही. काचेला चिकटून पडलेलं असतं. तेव्हा अन्न टाकलं तर फक्त पाणी कुजतं. मग बलक संपतो, आणि त्या दिवसापासून त्याला हलणारं, जिवंत, तोंडात मावेल एवढं अन्न रोज लागतं. हलणारं हा शब्द अधोरेखित करून घ्या. पिल्लू शिकार ओळखतं ती हालचालीवरून. माशांची पूड, उकडलेल्या अंड्याचा बलक, दाणे, यातलं काहीही त्याला अन्न वाटत नाही. ते अन्नाच्या ढिगाऱ्यात उपाशी मरतं, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की खायला तर भरपूर होतं. बाहेर आल्यावर पाच ते दहा दिवसांत एकेक करून जाणारी पिल्लं जवळजवळ नेहमी उपाशी असतात.

काय द्यायचं? आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, अंड्यांतून ताजे फुटलेले, सगळ्यात भरवशाचे. लिटरभर पाण्यात 25 ते 35 ग्रॅम मीठ, 26 ते 28 अंश तापमान, तळापासून जोरदार हवा आणि उजेड. 24 ते 36 तासांत अर्ध्या मिलिमीटरहून लहान नारिंगी जीव तयार. ते फुटल्यावर काही तासांतच द्या, कारण ते स्वतःचा बलक जाळत जातात आणि त्यांची पोषकता उतरत जाते. बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्याने धुवा, रिकामी टरफलं शक्य तितकी वगळा. गोड्या पाण्यात ते काही तास जगतात, मग मरून सडतात. म्हणून थोडे द्या, दिवसातून दोनदा द्या, आणि संध्याकाळी उरलेले काढा. बारीक डाफ्निया (गोड्या पाण्यातले सूक्ष्म जीव) हाताशी असतील तर ते आणखी सोयीचे, कारण पिल्लांच्या पाण्यातच ते जगत राहतात. मायक्रोवर्म नावाचे बारीक किडे तळाला जातात, पिल्लंही तळालाच असतात, म्हणून अडीअडचणीला चालतात. पण फक्त त्यांच्यावर पिल्लं वाढवू नका.

जेवलं की नाही हे ओळखायची खूण डोळ्यांसमोर असते. आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचं पोट पारदर्शक कातडीतून नारिंगी दिसतं, आत छोटा दिवा लावल्यासारखं. अन्न दिल्यावर तासाभराने भिंग घ्या आणि पोटं मोजा. वीसपैकी अठरा नारिंगी, तर उरलेली दोन वेगळ्या कपात घ्या आणि त्यांच्या तोंडासमोर ड्रॉपरने आर्टेमिया सोडा. मागे पडलेलं पिल्लू गर्दीत आणखी मागे पडतं. वेगळं केलं की बहुतेक वेळा सावरतं. हा एवढा एक नियम पाळायला लागल्यापासून माझ्याकडची पिल्लांची मर दिसेल इतकी घटली.

पाय कुरतडले जाणं हे उपासमार आणि गर्दी यांचं जोडफळ. पुढचे पाय आधी फुटतात, मागचे नंतर. या काळात समोर हललेली कुठलीही वस्तू त्यांना भक्ष्य वाटते, मग ती भावंडाची बोटं का असेनात. आकारानुसार गट पाडा, झाडं दाट ठेवा, अन्न वाढवा. तुटलेला पाय किंवा कल्ला पुन्हा येतो, त्याला औषध लावायची गरज नसते; पाणी स्वच्छ ठेवा.

साधारण तीन ते पाच महिन्यांनी कल्ले आखूड व्हायला लागतात आणि कातडी खरबरीत होते. तेव्हा पाणी उथळ करून बाहेर चढायला उतार द्या. लाल पोटाचं कोवळं न्यूट या वयात जमिनीवरचा प्राणी होतं, आणि चढायला जागा नसेल तर चक्क बुडून मरतं. भांड्यावर घट्ट जाळी हवी. ती काच चढतात.

खरोखर नर-मादी आहेत का?

आता अवघड भाग. सगळी अंडी तिसऱ्या दिवशी दुधी होत असतील आणि तापमान, पाणी ठीक असेल, तर ती फळतच नाहीयेत. जोडी तपासा. लाल पोटाच्या नराचा शेपटीच्या मुळाशी असलेला भाग, अवस्कर, हंगामात गोल आणि ठळक फुगतो. मादीचा तितका फुगत नाही, आणि तिची शेपटी सहसा लांब असते. जपानी जातीत नराच्या शेपटीवर हंगामात निळसर झाक येते. फासळीदार नराच्या पुढच्या बाहूंच्या आतल्या बाजूला काळपट खरबरीत पट्टा दिसतो. खूप लहान वयात हे ओळखताच येत नाही, म्हणून घाई नको.

न्यूटमध्ये नर वीर्याची जेलीसारखी गाठोडी तळावर ठेवतो आणि मादी तिच्यावरून चालत जाऊन ती आत घेते. तळ भुसभुशीत, कचऱ्याने भरलेला असेल किंवा फिल्टरचा झोत जोरात असेल, तर हे नाजूक काम फसतं. लाल पोटाचा नर मादीच्या वाटेत आडवा होऊन शेपटीने पाणी हलवतो ते स्वतःचा गंध तिच्यापर्यंत पोचवायला. जपानी संशोधकांनी 1995 साली त्यातलं दहा अमिनो आम्लांचं द्रव्य वेगळं काढून त्याला सोडेफ्रिन नाव दिलं. वरून झोत आदळत असलेल्या टाकीत मी हे प्रणयाराधन पूर्ण झालेलं क्वचितच बघितलं आहे. स्पंज फिल्टर लावल्यावर त्याच जोडीचं जमलं.

उलटही घडतं: एकटी मादी फळलेली अंडी घालते आणि माणूस चक्रावतो. मादी वीर्य काही महिने शरीरात साठवून ठेवते. जुलै 1994मध्ये कोलंबिया अंतराळयानातून नेलेल्या जपानी न्यूटच्या माद्यांनी अंतराळात फळलेली अंडी घातली, ती अशाच साठवलेल्या वीर्यावर. तेव्हा नवी आणलेली मादी पहिल्या हंगामात फळली आणि दुसऱ्यात नाही, तर तुमचा नर तपासा.

जोडी जुळवायला रानातून प्राणी पकडू नका, पकडलेले घेऊ नका. टायलोटोट्रिटॉन आणि पॅरामेसोट्रिटॉन या न्यूटच्या गटांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2019पासून सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे, आणि देशोदेशीचे कायदे त्याहून कडक असू शकतात.

हिवाळा दिला का?

अंडीच येत नसतील तर हे शेवटचं आणि सगळ्यात कष्टाचं. वर्षभर एकाच तापमानाला ठेवलेल्या लाल पोटाच्या न्यूटना हंगाम कधी आला ते कळत नाही. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू 8-10 अंशांपर्यंत उतरवा, सहा ते आठ आठवडे तिथे ठेवा, अन्न अगदी कमी करा, उजेडाचे तास घटवा. मग तितक्याच हळू 15-18वर आणा आणि भरपूर गांडुळं द्या. फासळीदार न्यूटला इतकं लागत नाही, बऱ्याचदा थंड पाण्याचा मोठा बदल पुरतो. हडकुळ्या, आजारी किंवा नुकत्याच आणलेल्या प्राण्याला थंडीत घालू नका; तो उठणार नाही.

चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घेण्याचा विचार या टप्प्यावर करा, आधी नाही. त्याची जोडणी किंवा दुरुस्ती इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पाण्याशेजारची वीज घरी उघडून बघण्याची गोष्ट नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

प्रौढाच्या अंगावर फोड, व्रण किंवा लाल ठिपके. पोट फुगून तरंगणं. अवस्करातून मांस बाहेर येणं. दोन आठवडे अन्नाला तोंड न लावणं. किंवा काही दिवसांत एकापाठोपाठ एक प्रौढ मरणं. यातलं काहीही दिसलं तर प्रजनन विसरा आणि उभयचरांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. 2013 साली वर्णन झालेल्या बीसॅल नावाच्या कातडीच्या बुरशीने नेदरलँड्समधले अग्निसॅलॅमँडर, न्यूटचेच नातलग, जवळपास संपवले. ती आशियाई न्यूटमध्ये लक्षणांविना राहू शकते. तिचं निदान कातडीवरचा फाया प्रयोगशाळेत तपासूनच होतं, डोळ्यांनी नाही. तोवर आजारी प्राणी वेगळा ठेवा, जाळी-ड्रॉपर वेगळे ठेवा, टाकीचं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय गटारात, बागेत किंवा ओढ्यात सोडू नका. जास्त झालेली पिल्लंही बाहेर सोडायची नाहीत. चीनमधल्या युन्नानच्या तलावातला वोल्टर्सटॉर्फ न्यूट प्रदूषणाने, अधिवास गेल्याने आणि बाहेरून आणून सोडलेल्या मासे-बेडकांमुळे संपला. 2004मध्ये त्याची नोंद नामशेष म्हणून झाली.

अंडी यावीत म्हणून संप्रेरकाचं इंजेक्शन घरी देऊ नका. ते फक्त पशुवैद्याचं काम. संचाने सगळं शून्य दाखवूनही दोन खेपा सगळ्या मेल्या, तर पाण्याचा नमुना तांबं आणि इतर धातूंसाठी प्रयोगशाळेत द्या. आणि वर सांगितलेलं सगळं करून, खात्रीच्या जोडीने दोन पूर्ण हंगाम न फळलेलीच अंडी दिली, तर आणखी काही बदलत बसू नका, दोघांनाही तपासून घ्या.

न्यूटला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. लाल पोटाच्या जातींच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं. पशुवैद्याकडे जाताना प्राणी ओल्या मॉसमध्ये, हवेशीर डब्यात, थंड जागी ठेवून न्या. सोबत वेगळ्या बाटलीत टाकीचं पाणी, आणि ती वही. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा माझ्यासारखाच असेल.